सर्व्हरने ओळख दाखवली नाही

सोमवारी सकाळी तारळेकर साहेबांनी चौथ्यांदा पासवर्ड टाकला आणि डेटाबेस सर्व्हरने चौथ्यांदा त्यांना ओळख दाखवली नाही. मालाची चलनं निघेनात म्हणून कारखान्याच्या गेटवर पाण्याचे पंप लादलेले अकरा ट्रक खोळंबले होते.

"माणसं तीच, पासवर्ड तेच! रविवारी आपण फक्त नेटवर्कचं डोमेन बदललं ना?"

"डोमेन म्हणजे नावाला जोडलेलं आडनावच. सर्व्हर प्रत्येकाला जुन्या डोमेनसकट ओळखतो, साहेब," डेटाबेस सांभाळणारी मृण्मयी म्हणाली. "आता त्याच्या लेखी आपण सगळे परके. नवी नावं आधी त्याला कळवू, असं मी शुक्रवारी म्हटलं होतं."

"नावच तर बदलायचंय, त्यात काय एवढं!" हे आपलं शुक्रवारचं उत्तर साहेबांना आठवलं. मृण्मयीने लग्नानंतर आडनाव बदललं नाही, तेव्हाही ते हेच म्हणाले होते. वर कालच्या नव्या नावांच्या यादीत त्यांनी परस्पर तिला नवऱ्याचं आडनाव लावून टाकलं होतं.

"म्हणजे आता कुणीच आत जाऊ शकत नाही?"

"एक नाव आहे. अडीअडचणीला म्हणून मी थेट सर्व्हरमध्येच नोंदवलेलं. त्याचा डोमेनशी संबंध नाही."

तिने आपलं माहेरचंच नाव टाइप केलं, 'मृण्मयी चौबळ'. सर्व्हर मुकाट्याने उघडला. अर्ध्या तासात पहिला ट्रक गेटबाहेर पडला.

साहेब जरा खाकरले. "असं एक नाव मलाही काढून दे बाई."

"देते की. आडनाव कुठलं लावू, साहेब? तुमचं, का वहिनींच्या माहेरचं?"