बायपासची सुनावणी

ग्रामपंचायतीच्या सभागृहात इंजिनिअरने नकाशा उलगडला. बाजारपेठेतली कोंडी फोडणारा नवा रस्ता गावाबाहेरच्या लिंगायत दफनभूमीतून जाणार होता. लोक खवळले. महानंदा मात्र मागे गप्प बसली होती. तिची सहा वर्षांची गौरा तिथेच पुरलेली होती.

"वहिनी, तुम्ही बोला," शेजारचे शिवलिंगप्पा म्हणाले. "आईचं तरी ऐकतील."

महानंदा उठली.

"साहेब, गेल्या हंगामात माझ्या लेकीला साप चावला. आमची रिक्षा बाजारात उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. दवाखान्याची पाटी दिसत होती. शेवटी हे तिला खांद्यावर घेऊन पळाले. पण ती खांद्यावरच गेली." तिने पदराने तोंड पुसलं. "रस्ता तिथूनच न्या. लवकर करा."

विरोधाचा अर्ज घेऊन आलेले शिवलिंगप्पा खाली बसले.

बाहेर आल्यावर तिचा नवरा, बसलिंग, दबक्या आवाजात म्हणाला, "बोललीस ते खरं आहे. पण आता पोरीला भेटायला आपण कुठं जायचं?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती पायरीवरच बसली. थोड्या वेळाने तोही शेजारी येऊन बसला.