शेजारच्या दातांना धक्का न लावता

"न्हाणीघरात पाय घसरला," असं उत्तर नवऱ्यानेच दिलं. खुर्चीत बसलेल्या बाईने ब्रसुद्धा काढला नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरबाईंचं तेवीस वर्षं भरत होतं. आपोआप पडलेला दात कुठला आणि पाडलेला कुठला, हे त्यांना न सांगता कळायचं. बाईचा पुढचा दात जाऊन काही महिने झाले असावेत. वरच्या ओठावर जुना वण होता आणि मनगट मात्र ताजं काळंनिळं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. किती वेळ लागेल, असं त्याने दोनदा विचारलं. घरी लवकर पोचायला हवं म्हणाला. असले नवरे डॉक्टरबाईंना पाठ होते.

मग त्यांनी तिला समजावलं. शेजारचे दात घासून बारीक करायचे नाहीत. नव्या दाताला मागून एक पातळ पट्टी असते, ती शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवायची, की झालं.

"नको झाला तर काढता येईल?" तिने विचारलं.

"येईल. शेजारच्या दाताला कळणारही नाही. पण नको कशाला होईल?"

ती खुर्चीतून उतरली.

आठवड्याने दात तयार होऊन आला. तो बसवता बसवता बाई तोंड उघडं ठेवूनच झोपी गेली. इतकं दमलेलं माणूस त्या खुर्चीत कधी बसलं नव्हतं. डॉक्टरबाईंचा जीव कळवळला. काम झाल्यावर त्यांनी तिला हलकेच उठवलं, आरसा दिला आणि घरात कोणी हात उगारतं का, असं सरळच विचारलं.

"ह्यांनी कधी बोटही लावलं नाही मला," ती म्हणाली.

असं सगळ्याच म्हणतात. डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून टाकले.

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली. खुर्चीत बसली आणि दात काढून टाका म्हणाली.

"नवऱ्याने सांगितलं?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

"ते तर नको म्हणतात. दात लावून घे म्हणून तेच मागे लागले होते." तिने डोळे मिटले. "माझी आई आमच्याकडे असते. तिला आता काही आठवत नाही. काठीने माझा दात पाडला, तेही नाही."

डॉक्टरबाई स्टुलावर टेकल्या.

"फट दिसली की जवळ घ्यायची. कुणी मारलं गं तुला, बाळ, म्हणायची. आता नुसतीच मारते."