दोन पुडे

"अण्णा, तुम्हीच आमचं मिटवा," हे वाक्य मी रस्ताभर घोकत आलो. भागीदारी मोडली, तरी मी आणि महालिंग दोघंही 'पोपट छाप' मसालाच विकत होतो. छाप कुणाची, यावरून आठ महिने बोलणं बंद होतं. आम्हा दोघांना मसाला भाजायला शिकवलं ते गुंडाप्पा अण्णांनी. त्यांचा शब्द आम्ही मोडला नसता. फक्त मला आधी पोचायचं होतं.

अण्णांच्या टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा दिसला. माझ्या हातातल्यासारखाच.

"महालिंग येऊन गेला?"

"मघाशीच. पुडा ठेवून पळाला."

"मग तुम्ही आता त्याचे..."

"ज्यांचं भांडण सोडवायचं, त्यांचं मी खात नाही." अण्णांनी तो पुडाही माझ्या हातात दिला. "हा त्याला तू नेऊन दे. त्यानं घेतला, तर दोघं मिळून या. मग बसू."

महालिंगच्या दारात पोचलो. दोन्ही हातांत पुडे, बेल दाबता येईना. आठ महिन्यांनी मी त्याला नावानं हाक मारली.