राखून ठेवलेला तारा

‘फ्रीजमधले चारही डबे संपवावेत. पुरवून पुरवून खाऊ नयेत,’ एवढं लिहून चष्मेवाली थांबली. पुढे ‘कृपया’ घालावं की नाही, यावर गाडं अडलं होतं. शेवटी तिने ते घातलं नाही. ज्याच्यासाठी कागद लिहायचा, तो तसाही सूचना पाळणाऱ्यांतला नव्हता.

कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान तिचं, म्हणून ती चष्मेवाली. दर दोन-तीन महिन्यांनी ती चार दिवस मैत्रिणीकडे राहायला जायची आणि मागे घर नि मांजर सांभाळायला एका साइटवरून माणूस ठरवायची. तीन वर्षं माणूस एकच. साइटवर त्याने नाव लावलं होतं ‘रंधा’, आणि चेहऱ्याच्या जागी फोटोही रंध्याचाच. म्हातारा सुतार होता, काम सोडून बसलेला. दोघांची गाठ कधी पडायची नाही. ती बॅग घेऊन गेली की तो कुंडीखालची चावी काढायचा, आणि चौथ्या दिवशी अकराला तो निघून गेला की ती परतायची.

साइटचा आग्रह एकच. घरमालकाने आणि पाहुण्याने एकमेकांबद्दल खरं लिहायचं.

रंधा खरं लिहायला कचरत नसे. पहिल्याच खेपेला, भर उन्हाळ्यात, त्याने लिहिलं होतं, ‘घर स्वच्छ. मांजर आळशी, पण मनाने चांगली. मालकीण पाहुण्यासाठी चार डबे भरून ठेवते आणि स्वतःच्या नावाने फ्रीजमध्ये अर्धं लिंबू. हे बरं नव्हे. मागचं दार पावसाळ्यात फुगतं, आत्ताच तासून ठेवलंय. चार तारे.’

तीही ऐकून घेणारी नव्हती. ‘सांगितलेलं एक करत नाहीत, न सांगितलेलं सगळं करतात. स्टुलाचा पाय न विचारता बदलला. ते गेल्यावर मांजर दोन दिवस रुसून बसते, तिचे किती लाड केले ते तरी लिहीत जावं. पाच तारे.’

तो मात्र दर वेळी चारच द्यायचा. पाचवा कुठे गेला, असं तिने एकदा साइटवरच विचारलं. उत्तर आलं, ‘राखून ठेवलाय. कशासाठी ते मालकिणीने आठवावं.’

त्या चार तिरसट ओळींसाठी ती महिनेच्या महिने वाट पाहायची, हे मात्र खरं. तिचा जीव जडला होता त्या म्हाताऱ्यावर.

मांजरीने काय खाल्लं, काय टाकलं, याची एक वही ओट्यावर असायची. गेल्या खेपेला त्या वहीतलं त्याचं अक्षर बोराएवढं झालं होतं आणि ओळी उतरणीला लागल्या होत्या. चष्मेवालीला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तिने दुकानाच्या जुन्या रजिस्टरातून त्याचा नंबर काढला, थोडा वाढवला आणि चष्मा करून ड्रॉवरमध्ये ठेवला. वर चिठ्ठी, ‘गिऱ्हाईक विसरून गेलं. बसला तर वापरा.’

“आणि फ्रेम कशी निवडलीस?” मैत्रिणीने त्या संध्याकाळी विचारलं.

“माझ्या नाकावर घालून पाहिली. चपखल बसली.”

मैत्रीण हसली. मग जरा गंभीर झाली. “त्याला पाचव्या ताऱ्यासाठी काय हवंय, ते ठाऊक आहे ना तुला?”

“आहे.”

“मग?”

“तोंडातून निघत नाही. हजारदा ठरवलं.”

“दोघंही एकाच माळेचे मणी,” मैत्रीण म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊलाच अभिप्राय आला. एरवी तो घरी पोचल्यावर लिहायचा. तिने चहाचा कप हातात धरूनच वाचला.

‘चष्मा बसला. वहीतलं माझंच अक्षर वाचून लाज वाटली. मागच्या दाराला तेल दिलंय. ही शेवटची खेप समजावी. दोन बस बदलून येणं आता गुडघ्यांना झेपत नाही. मांजरीला सांगितलंय, तिने मनाला लावून घेतलं नाही. चार तारे.’

तिने पुन्हा वाचलं. शेवटची खेप. म्हणजे आता ना त्या चार ओळी, ना वही, ना कोणी तिच्या अर्ध्या लिंबाची काळजी करणार. कप तसाच ठेवून ती उठली.

“अगं, बॅग!” मैत्रीण म्हणाली.

ती थांबली नाही. पायात मैत्रिणीच्याच चपला अडकवून ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या आपल्या घराची बेल वाजवली. दर खेपेला बॅग भरून ती जायची, ते एवढंच लांब.

दार उघडलं. खांद्याला पिशवी, नाकावर नवा चष्मा, पायात घुटमळणारी मांजर. म्हाताऱ्याने तिच्याकडे चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्याच्या वरून.

“अकरा वाजले नाहीत अजून,” तो म्हणाला. “मालकाने आधी यायचं नसतं. नियम आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग सरक. माझी बस जाईल.”

ती सरकली नाही. शब्द आज तोंडापर्यंत आले होते, ते तिने माघारी जाऊ दिले नाहीत.

“सात वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर म्हणाला होतात, तू बोलावल्याशिवाय परत येणार नाही. आज बोलावतेय,” ती म्हणाली. “पिशवी आत ठेवा, बाबा.”