मामाचा होकार

"थांब, थांब," बाह तेइबोर म्हणाले. "तू पुढे पळतेस आणि गाणं बिचारं मागे धापा टाकतंय."

दाफिशानं स्टिक्स मांडीवर ठेवल्या. कॅम्पचा पहिलाच दिवस आणि तिच्या पुढ्यात ड्रम एकच. बाकीचे सगळे बाह तेइबोरनी सकाळीच उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवले होते. एकावर नीट वाजलं की दुसरा मिळणार. शिलाँगमध्ये चाळीस वर्षं रॉक वाजवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

दाफिशा घालायची.

"बाह, कोहिमाच्या बँडला ड्रमर हवीय. एकाच ड्रमवर टकटक करणारी नकोय."

"कोहिमाचं तू बघ. मी इथे ड्रम शिकवायला आलोय. घरच्या भानगडी इथे आणायच्या नाहीत."

हा नियम तिथे सगळ्यांनाच होता. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी एकमेकांचं कुळ विचारतात, आणि चहा येईपर्यंत काहीतरी नातं निघालेलं असतं. मग कसलं शिकवणं आणि कसलं काय! म्हणून उमियमच्या तळ्याकाठी भरणाऱ्या या कॅम्पात कुळ काढायचं नाही. शिकवणारा पुरुष असला तर बाह, बाई असली तर काँग, विषय संपला.

दाफिशाची भानगड मात्र खरीच मोठी होती. कोहिमाच्या मुलींचा बँड वर्षभराच्या दौऱ्यावर निघणार होता आणि त्यांना हीच पोरगी हवी होती. कॅम्पचा शेवटचा कार्यक्रम झाला की तिनं उत्तर द्यायचं होतं. वडील तयार होते, पण आमच्याकडे कुळ चालतं आईकडून आणि ते पडले दुसऱ्या कुळाचे. आईही तयार होती. पण घरात असल्या गोष्टीत शब्द चालतो तो आईच्या थोरल्या भावाचा, आणि मामा नाही म्हणून बसला होता.

"मग असं करा, बाह," दाफिशा म्हणाली. "तुम्हीच माझ्या मामाशी बोला. ड्रमरचं म्हणणं ऐकेल तो."

 बाह तेइबोर क्वायचा विडा गालात सारून म्हणाले, "बघतो. पण माणूस हट्टी आहे."

"ते मला नका सांगू."

दुसऱ्या दिवशी तिनं आल्या आल्या विचारलं, "काय म्हणाला मामा?"

"नाही म्हणाला. दौऱ्यावर माणसं बिघडतात म्हणे. जेवणाचा पत्ता नाही, झोपेचा पत्ता नाही, भलत्या ओळखी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी जन्मभर फिरलो, मी बिघडलो का? तर गप्प बसला."

कोपऱ्यात गिटारला तारा चढवणारे बाह लाम्फ्रांग फिसकन हसले. तेइबोर आणि ते कॉलेजपासून एकाच बँडमध्ये. "त्या मामाला एकदा माझ्यापुढे उभा कर," ते म्हणाले. "चांगली कानउघाडणी करतो. तालातलं कळतं तरी का त्याला काही?"

"कळतं थोडंफार," बाह तेइबोर जरा चिडूनच म्हणाले. "तू तारा चढव."

असं रोज चाललं. ती रोज विचारायची, मामा रोज नाही म्हणायचा. कधी थंडीचं कारण, कधी घाटातल्या रस्त्यांचं. ड्रम मात्र एकेक करून भिंतीपासून तिच्याकडे येत होते. पोरीचा हात बसत चालला होता, हे लाम्फ्रांगनी तर सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल असं सांगितलं.

एकदा ती वाजवता वाजवता म्हणाली, "मामानं आईलाही असंच अडवलं होतं. स्टेजवर गायची ती. आता चर्चमध्ये गाते, तीही मागच्या रांगेत."

बोलण्याच्या नादात तिचा ताल सुटला. बाह तेइबोर उठले, शेवटचा ड्रम उचलून आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"पण मी आत्ता चुकले ना?"

"चुकलीस. वाजव."

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. दाफिशाच्या गटाचं गाणं रंगात आलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. गिटार मुकी झाली, गाणाऱ्या मुलीचा आवाज पहिल्या रांगेपुढे जाईना. उरले ते फक्त ड्रम, त्यांना कसली वीज लागते! एरवीची दाफिशा अशा वेळी घाबरून दुडक्या चालीनं पळत सुटली असती. आज ती जागची हलली नाही. तोच ताल, तोच वेग, अंधारात. आधी एकदोघांनी टाळ्या धरल्या, मग सगळ्या हॉलनं. लोकच गाऊ लागले. वीज परत आली तेव्हा गिटार जिथे यायला हवी बरोबर तिथेच आली आणि हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं.

स्टेजच्या कडेला लाम्फ्रांग नाचत होते. बाह तेइबोर रडत होते, आणि ते लपवायच्या फंदातही पडले नाहीत.

दाफिशा घामानं थबथबून खाली आली. "बाह, मामाला विचारलंत?"

"आत्ताच विचारलं."

"आणि?"

"हो म्हणाला. कोहिमाला लगेच फोन कर म्हणाला, नाहीतर दुसरी कोणी शोधतील."

ती किंचाळलीच. दोघा म्हाताऱ्यांना एकदम मिठी मारून ती फोन शोधत पळाली.

तिची आई थेइलिन लेकीसाठी जादोह-भाताचा डबा घेऊन मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. लेक दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं डबा बाह तेइबोरच्या हातात दिला.

"मला मात्र नाही म्हणाला होतास, दादा."