माग

चपला वाळूत रुतत होत्या, म्हणून त्या गाडीतच ठेवून सुनेत्रा अनवाणी तंबूपर्यंत आली. गालिच्यावर पाय ठेवणार, तोच आत बसलेल्या म्हातारीने हात वर करून तिला थांबवलं.

"काय झालं?"

"थांबा ताई. पाऊल बघतेय तुमचं," हफीजा म्हणाली. ती मूळची दापोलीची, सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या इस्पितळात नर्स. म्हातारी तिची पेशंट. "यांच्या घरात माग काढतात. पावलावरून कूळ सांगतात."

सुनेत्रा रियाधहून आली होती ती एका कबरीचा फोटो घ्यायला. तिचे खापरपणजोबा बाळारामशेट इथले घोडे मुंबईला नेऊन विकत. पुढे ते म्युनिसिपालटीत निवडून गेले, शहरभर पाणपोया बांधल्या. तिने लिहिलेलं त्यांचं चरित्र शुक्रवारी छापायला जाणार होतं. कबरीचा फोटो तेवढा राहिला होता. शेटांचा भागीदार हाशम १८७१ साली याच वाटेवर तापाने वारला होता.

म्हातारी ठशावर वाकली. त्यात चौथं बोट उमटलं नव्हतं. सुनेत्राचं ते बोट आखूड, जमिनीला न टेकणारं. वडिलांचंही तसंच. आनुवंशिकता शिकवताना ती वर्गात हेच उदाहरण देई.

"म्हणते, हा पाय इथं येऊन गेलाय. तिच्या आजोबांनी तिला वाळूत काढून दाखवला होता, त्यांना त्यांच्या आजोबांनी." हफीजा हळू बोलत होती. "कोरड्या विहिरीकडे दोघं गेले. दोन्ही घोडे आणि दोन्ही पखाली घेऊन हा एकटा परतला."

"हाशमला ताप होता," सुनेत्रा म्हणाली. "शेटांच्या पत्रात आहे तसं. विचार तिला."

हफीजाने विचारलं. म्हातारीने मान हलवली.

"तापकऱ्याचे पाय फरफटतात, म्हणते. घोड्यांच्या मागे उमटलेली पावलं धावत्या माणसाची होती."

सुनेत्राने कॅमेरा बंद केला, पुन्हा चालू केला. "कबर कुठे आहे ते तरी सांग म्हणावं."

म्हातारी थोडंसंच बोलली. हफीजाला ते सांगायला वेळ लागला.

"कबर नाही, म्हणते. तो अजून थांबलेला नाही."

म्हातारीने दारातला ठसा तळव्याने पुसला, मग त्यामागचा. तिला गुडघ्यांवर पुढे सरकताना पाहून हफीजाने अबाया सावरला.

"तुम्ही गालिच्यावर चढा, ताई," ती म्हणाली. "गाडीपर्यंतचे मी पुसून येते."