कवळीची उजवी बाजू

थोरला लेकीकडे राहायला गेलाच नाही. पण हे अजून कुणाला ठाऊक नाही, तेव्हा तसं काही झालंच नाही असं धरून चालू. सध्या तो दातांच्या दवाखान्यात आडव्या खुर्चीवर आ वासून पडला आहे, लेक त्याची बॅग घेऊन दारात उभी आहे, आणि डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडात कवळी दाबताहेत.

डावीकडे 'टक' झालं. उजवीकडे काहीच झालं नाही.

"आजोबा, जीभ मध्ये आणू नका."

जीभ मध्ये नव्हतीच. ती भीतीनं केव्हाच मागं जाऊन बसली होती.

खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्यावर थोरल्यानं काढता-घालता येणारी अर्धी कवळी करून घेतली होती. ती पुढच्या खऱ्या दातांना तारेनं धरून असायची. म्हणजे असायची असं म्हणायचं. बोलताना उसळायची, शिंकताना समोरच्याच्या ताटात जायची. लेकीनं बापाला कायमचं आपल्या गावी न्यायचं ठरवलं, तेही प्रेमानंच. पण नातू त्या कवळीला भ्यायचा. मग बाईंनी उपाय काढला. हिरडीतून हाडात दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू, त्याचं नाव मिनी इम्प्लांट. स्क्रूचं डोकं गोल, आणि कवळीच्या पोटात त्याच मापाच्या टोप्या. दाबलं की टिचबटण. एका खेपेला डावा स्क्रू, पुढच्या खेपेला उजवा, म्हणजे मधल्या दिवसांत एका बाजूनं तरी चावता येईल.

बाईंना एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती. कवळी दोघांची होती.

थोरला आणि धाकटा जुळे. दाढासुद्धा दोघांच्या त्याच क्रमानं पडल्या. कवळी थोरल्याच्या मापाची, पण धाकट्यानं गंमत म्हणून घालून पाहिली तर त्यालाही तितकीच वाईट बसली. मग दुसरी कशाला करायची? दोघांचं वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान. वाटणी अंगात मुरलेली. आधी थोरला जेवायचा, कवळी धुवायचा, मग धाकटा जेवायचा. दुकानात कवळी ज्याच्या तोंडात, बोलायचं त्यानं. गिऱ्हाइकांची समजूत अशी, की दुकानात माणूस एकच आहे, सकाळी बडबड्या आणि दुपारनंतर खडूस.

आता थोरला जाणार, म्हणजे कवळीही जाणार. लेकीच्या घरात खाट एकाचीच मावत होती. तिनं खोली टेपनं मोजून पाहिली होती, दोनदा. धाकटा हे ऐकून एवढंच म्हणाला होता, "जा की. मी काय, गिळून खाईन."

बाईंनी तोंडात आरसा घातला. उजवी हिरडी गुळगुळीत होती, तान्ह्या बाळासारखी.

"स्क्रू कुठाय? मी माझ्या हातानं घातलाय!"

"माझ्यात डावाच घातलात," थोरला म्हणाला. "दुसऱ्या खेपेला मी आलोच नव्हतो. तापानं पडलो होतो. हा म्हणाला, मी जाऊन पुढची तारीख घेऊन येतो."

"हा कोण?"

बाहेरच्या बाकावरून धाकटा उठून आत आला. बाईंनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि चष्मा काढून पुसला. धाकट्यानं न सांगता आ केला. उजवीकडे, पार मागं, स्क्रूचं डोकं चकाकत होतं.

"तुम्ही डावीकडे कापूस कोंबून आला होतात," बाई सावकाश म्हणाल्या. "ठणकतंय, तिकडे हात लावू नका, म्हणालात."

"ठणकत होतंच," धाकटा म्हणाला. "तिथं नव्हतं, एवढंच."

"काका, अहो हे काय करून ठेवलंत?" लेक म्हणाली. "आता कवळी कुणाची?"

"होती तशीच, दोघांची. फक्त एकट्याबरोबर गावाला जाणार नाही."

थोरल्याला आठवलं, त्या दिवशी धाकटा गाल सुजवून घरी आला होता आणि दारावर आपटलो म्हणाला होता. आपण त्या दाराला शिव्याही घातल्या होत्या.

बाई आधी सावरल्या. "यात घाबरण्यासारखं काही नाही. यांना उजवा आत्ता घालून देते, लगेच होईल. त्यांना वेगळी कवळी करू." त्यांनी सुई भरली. लेकीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि बाहेरच्या गाडीवाल्याला थांबायची खूण केली.

थोरल्यानं तोंड मिटलं.

"आ करा, आजोबा."

"बाबा, आ करा ना! गाडी थांबलीय."

थोरला उठून बसला. त्यानं डावीकडचं टिचबटण सोडवलं, कवळी नळाखाली धुतली आणि भावापुढे धरली. धाकट्यानं ती घातली. या वेळी उजवीकडे टक झालं. मग थोरल्यानं बाईंच्या टेबलावरून कागद ओढला, बराच वेळ लिहिलं, खाली सही केली, धाकट्याला सही करायला लावली आणि वाच म्हणून खूण केली. कवळी त्याच्याकडे होती ना.

धाकट्यानं घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचलं:

"प्रति, दवाखान्याचे प्रमुख. विषय: जबड्याबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणारे सख्खे भाऊ असून आमच्या जबड्याची डावी बाजू एकाच्या तोंडात व उजवी दुसऱ्याच्या तोंडात आहे. तरी सदर जबडा आपल्या दप्तरी एकच धरण्यात यावा, आणि त्याचे दोन भाग करून वेगवेगळ्या गावी ठेवण्याची परवानगी कुणासही, अगदी पोटच्या लेकीसही, देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."